खालचा अर्धा फळा

गणिताच्या बाईंचं दुखणं जगावेगळं होतं: त्यांची चूक काढणारं शाळेत कुणी नव्हतं. गणिताच्या त्या एकट्याच. भाषा शिकवणाऱ्या तिघी होत्या, त्या मधल्या सुट्टीत एकमेकींच्या डब्यात आणि एकमेकींच्या तासांत सारख्याच मोकळेपणानं हात घालायच्या. बाईंनी मात्र "आज अपूर्णांकांचा तास काही बसला नाही हो" असं म्हटलं, की शिक्षकांच्या खोलीतल्या सगळ्यांना एकदम तपासायच्या वह्या आठवत. गणिताचं नाव काढलं की भल्याभल्यांची बोबडी वळते, शिक्षक झाले म्हणून काय झालं. तेव्हा बाई आपल्या शंका पर्समध्ये घालून घरी न्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी तशाच परत आणायच्या. अशी नोकरीची निम्म्याहून जास्त वर्षं गेली.

मग त्यांना तो ग्रुप सापडला.

कुठल्याशा दूरच्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक मास्तर होते. त्यांचीही हीच गत. एकदा त्यांचा तास पार आपटला. वैतागून फळा पुसायला हात उचलला, तो तसाच खाली घेतला, मोबाइलवर फळ्याचा फोटो काढला आणि ओळखीतल्या चार शिक्षकांना पाठवला. खाली लिहिलं, 'हा तास नेमका कुठे घसरला, कुणाला दिसतंय का?' चौघांना चार ठिकाणी दिसलं आणि चौघंही बरोबर निघाले. तिथून ग्रुप सुरू झाला. नाव 'पुसण्याआधी'. मास्तरांना सगळे खडूमास्तर म्हणू लागले.

ग्रुपचे नियम थोडेच, पण कडक. फोटो तास संपल्यावर काढायचा, फळा पुसण्याआधी. फोटोसाठी काही पुसायचं नाही, काही लिहायचं नाही. मुलांचे चेहरे नकोत, नुसता फळा. आणि कुणाला 'वा, छान' म्हणायचंच असेल, तर आधी एक प्रश्न विचारायचा, मग हवं तेवढं वा म्हणायचं. मंडळी टोपणनावांनी वावरायची, कारण फसलेला तास स्वतःच्या नावावर चारचौघांत मांडण्याएवढं काळीज कुणाचंच नसतं. बाईंनी नाव घेतलं 'हातचा एक'.

ही माणसं फळा असा वाचायची, की जणू मुरलेला वैद्य नाडी बघतोय. पहिल्याच फोटोवर 'शेवटचा बाक' या नावाच्या माणसानं बाईंना विचारलं, 'तिसऱ्या ओळीत खडू दाबून लिहिलंय. तिथे तुम्ही चिडला होतात का?' चिडल्या होत्या. बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला ते वाचून दाखवलं. नवरा पाट्या रंगवणारा. दुकानांची नावं, दवाखान्यांच्या वेळा, 'येथे वाहन उभे करू नये', सगळं त्याच्या हातचं. तो म्हणाला, "अगं, ही माणसं आहेत का ज्योतिषी?"

"शिक्षक आहेत," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या बऱ्याच दिवसांनी मनापासून जेवल्या.

बाईंच्या सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. अंगानं काडी, आवाज मात्र भरल्या बाजारात ऐकू जाईल असा. तिच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात "पण बाई" अशी व्हायची, म्हणून वर्गानं तिला 'वकील' नाव ठेवलं होतं. बाई खडू पुढे करायच्या, वकील उठायची आणि फळ्यापाशी जाऊन आपली बाजू मांडायची. बहुतेक वेळा चुकायची. पण असं चुकायची, की सगळा वर्ग सरसावून बसायचा.

एकदा बाई अपूर्णांकांची बेरीज शिकवत होत्या. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. वकीलबाई उठल्या आणि उत्तर लिहिलं, दोन छेद पाच.

"अगं, वरच्यात वरचे आणि खालच्यात खालचे असे नाही मिळवायचे. आधी छेद सारखे करून घ्यायचे," बाई म्हणाल्या.

"पण बाई, आमची टीम आधी दोन मॅच खेळली, एक जिंकली. मग तीन खेळली, त्यातली एक जिंकली. एकूण पाच खेळलो, दोन जिंकलो. मी स्वतः होते तिथे. चुकलं कुठे?"

नियम बाईंना येत होता. पण तो नियम त्या पाच मॅचना कुठे लागू होत नाही, हे त्यांना सांगता येईना. वर्गात दोन तट पडले. मुलं एकामागून एक उठली, कुणी गोल काढले, कुणी रेघा मारल्या, फळ्याचा पार बाजार झाला. घंटा वाजली तशी बाई म्हणाल्या, "उद्या सांगते."

तो बरबटलेला फळा त्यांनी जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मला उत्तर देता आलं नाही.'

ग्रुपवर नुसती झुंबड उडाली. त्या संध्याकाळी किती जणांनी आपलं डोकं त्या मुलीच्या पाच मॅचमध्ये घातलं, त्याला हिशेब नाही. शेवटच्या बाकानं लिहिलं, 'तिला एक ग्लास दाखवा. अर्धा भरा. मग त्यातच ग्लासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी ओता. आणि विचारा, आता ग्लास अर्ध्यापेक्षा रिकामा झाला का? कारण दोन छेद पाच अर्ध्याहून कमी असतात.'

बाई खुर्चीतच ताठ बसल्या. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी. इतकी साधी गोष्ट, आणि त्या दिवसापर्यंत आपल्याला कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ग्लास आला, पाणी ओतलं. वकील ग्लासाकडे बराच वेळ टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "हे पटलं." आणि जागेवर जाता जाता वळली. "पण बाई, मग मॅचचं काय?"

घंटा झाली होती. "उद्या सांगते," बाई म्हणाल्या आणि फळ्याचा फोटो काढला.

त्या दोन फोटोंनी बाईंचं नाव झालं. खडूमास्तरांनी लिहिलं, 'आपल्या ग्रुपला असा फळा आजवर मिळाला नव्हता.' कुठल्या कुठल्या गावचे शिक्षक 'हातचा एक'ला शोधत आले. 'तुमचा फळा बघून मी आज पहिल्यांदा मुलीला बोलू दिलं,' असंही एकीनं लिहिलं. बाई दिवसभर ते निरोप वाचत होत्या. दुसऱ्या दिवशी वर्गात नवा धडा सुरू झाला.

कौतुक फार गोड असतं, आणि गोड जरा जपून खावं असं सांगणारं त्या वेळी जवळ कुणी नव्हतं. ग्रुप वाढला. शेकड्यांचे हजार झाले. नव्या मंडळींना आधी प्रश्न, मग वा, हा नियम माहीतच नव्हता. त्यांनी सरळ 'वा'पासून सुरुवात केली. बाईंना पहिल्यांदा ते खटकलं, मग चाललं, मग एखाद्या फोटोवर कमी आले तर चुकल्यासारखं वाटू लागलं.

मग फळा सुधारायला लागला. बाईंनी रंगीत खडू आणले. नवऱ्याला तर उधाण आलं. इतकी वर्षं बायकोच्या कामात त्याला कुठून शिरताच येत नव्हतं. आता त्यानं आपली दोरी काढली. दोरीला खडूची भुकटी चोळायची, दोन टोकं भिंतीवर ताणून धरायची, मधे चिमटीत पकडून सोडायची, की सरळसोट रेघ उमटते. पाटी रंगवणाऱ्यांची ही जुनी युक्ती. त्यानं बाईंना ती शिकवली, अक्षरांच्या मधली जागा कशी सोडायची ते शिकवलं, पिवळा कुठे उठून दिसतो तेही शिकवलं. रोज संध्याकाळी बाई फोटो दाखवायच्या आणि तो चष्मा कपाळावर चढवून म्हणायचा, "ह्या 'भ'चं पोट जरा आत घे." दोघं असे खुशीत होते, की बघणाऱ्याला लग्न नुकतंच झालंय असं वाटावं.

बाई आता घंटेच्या आधीच वर्गात जाऊन फळ्याच्या वरच्या भागात चौकट आखून ठेवू लागल्या. मुलं फळ्यावर यायची, पण त्यांची अक्षरं तिरकी, रेघेच्या खाली उतरलेली. मूल जागेवर गेलं की बाई डस्टरच्या कोपऱ्यानं हलकेच ते पुसायच्या आणि स्वतः नीट लिहायच्या. यात काही खोटं आहे असं त्यांना वाटलं नाही. पाहुणे यायच्या आधी आपण पसारा पलंगाखाली सरकवतोच की. तसं त्यांनी फक्त आवरलं होतं.

अशात खडूमास्तरांचा फोन आला. आवाज म्हातारा, पण तरतरीत. "बाई, आपण आजवर फळा बघितला, तास कधी बघितला नाही. एक तास सगळ्यांनी मिळून बघावा असं मनात आहे. थेट. तुमच्या वर्गातून. घ्याल?"

बाईंनी हो म्हणायला क्षणही लावला नाही. विषय ठरला, अपूर्णांकांचा भागाकार. नवऱ्यानं मोबाइल ठेवायला आपली रंगकामाची घोडी, म्हणजे उघडमिट शिडी, देऊ केली. बाईंनी फळ्याचा आराखडा कागदावर काढला, रंगांसकट.

त्याच आठवड्यात शेवटच्या बाकाचा निरोप आला. ग्रुपवर नाही, त्यांच्या एकट्यांना. एकच ओळ. 'बाई, हल्ली तुमच्या फळ्यावर मुलं दिसत नाहीत.'

बाई भडकल्या. मुलांचे चेहरे दाखवायचे नाहीत हा नियमच आहे, मग दिसतील कशी? मग त्यांना कळलं की त्या माणसाला तसं म्हणायचं नाही, आणि त्या आणखी भडकल्या.

"जळतात लोक," नवरा म्हणाला. "माझ्या पाटीखाली दुसरा पाटीवाला उभा राहिला, की त्याला पहिली काय दिसते? थेंब कुठे ओघळलाय ते."

"हो ना," बाई म्हणाल्या. पण त्यांना चैन पडेना. त्या माणसाला तोंडावर पाडायचं म्हणून त्यांनी आपले सगळे फोटो उघडले आणि पहिल्यापासून बघायला बसल्या. बघू या, मुलं कशी दिसत नाहीत ते.

जुन्या फोटोंत मुलं ठायीठायी होती. कुणाचा पाच उलटा, कुणाचा सात काठीसारखा. वकीलबाईंचं ते दोन छेद पाच, त्याभोवती कुणीतरी रागानं मारलेला गोल. आणि ते सगळं फळ्याच्या खालच्या भागात. मुलांचे हात वर पोचतातच कुठे? वर बाईंचं अक्षर, खाली मुलांचं, असा फळा मधोमध वाटलेला होता. बाई एकेक फोटो पुढे सरकवत गेल्या. खालची गर्दी विरळ होत गेली. आधी कोपऱ्यात उरली, मग कोपऱ्यातूनही गेली. अलीकडच्या फोटोंत वर पिवळी चौकट, निळं शीर्षक, एका रेघेत बसलेले अंश आणि छेद. आणि खालचा अर्धा फळा स्वच्छ, काळाभोर, हात न लागलेला.

बाईंनी मोबाइल उपडा ठेवला. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "काही नाही." त्यांना लाज वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची तर आधी स्वतःशी कबूल करायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी एक उदाहरण घातलं आणि खडू पुढे केला. "कोण येतंय?"

कुणी उठलं नाही. सगळ्यांच्या माना वहीत. हे असं कधीपासून होतंय, बाईंनी आठवून बघितलं, आणि त्यांना आठवेना.

"वकीलबाई, तुम्ही या."

वकील जागेवरच उभी राहिली. "मी वहीत करते ना, बाई."

"फळ्यावर का नाही?"

"फळा खराब होईल."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा तर मुळीच नव्हता. आपल्या बाईंची एक छान वस्तू आहे, तिला आपला हात लागू नये, एवढंच. शेजारच्या बाकावरून आणखी कुणीतरी समजुतीनं म्हणालं, "नंतर तुम्हाला पुसावं लागतं ना, बाई. फोटोच्या आधी." म्हणजे पोरांना सगळं माहीत होतं.

तेव्हा बाईंना आपलं काय हरवलंय ते कळलं. ज्या मुलीमुळे आपलं नाव झालं, तीच आपल्याला "पण बाई" म्हणायची थांबली होती, आणि आपल्या ते लक्षातही आलं नव्हतं. वर्ष संपायला थोडे महिने उरले होते. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या वर्गात, दुसऱ्या कुणाकडे जाईल, आणि फळ्यावर चुकायचं नसतं एवढं एकच बाईंकडून शिकून जाईल.

बाईंनी उपाय सुरू केले. त्यांनी फळ्याचा खालचा भाग मुलांसाठी सोडला आणि तसं जाहीर केलं. मुलं आली, पण ज्यांना उत्तर पक्कं येत होतं तीच, आणि अक्षर कोरून लिहून गेली. वकीलही आली. पुस्तकातलं उत्तर सरळ रेघेत लिहून, हात झटकून परत गेली. उत्तर बरोबर होतं. बाईंना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

शेवटी त्यांनी मान खाली घालून शेवटच्या बाकाला लिहिलं, 'तुमचं खरं होतं. आता काय करू?'

उत्तर आलं, 'मला माहीत नाही. माझ्या वर्गात असंच झालं होतं. मी मुद्दाम फळ्यावर चुका करायला लागलो. मुलांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं आणि माझी कीव करायला लागली.'

बाई खूप दिवसांनी हसल्या. मग त्यांनी खडूमास्तरांना फोन केला. थेट तास पुढे ढकला म्हणाल्या. वर्ग गप्प आहे, दोष माझा आहे, तास फसणार.

"फसणार ना?" मास्तर म्हणाले. "मग आपल्याच ग्रुपचा तास झाला की तो. ग्रुप कशापासून सुरू झाला, विसरलात काय?"

थेट तासाच्या दिवशी नवरा सकाळीच घोडी खांद्यावर टाकून शाळेत आला. वर्गाच्या मागच्या बाजूला, मुलांच्या पाठीच दिसतील अशी घोडी उभी केली, वरच्या पायरीला मोबाइल बांधला, आणि बाईंबरोबर दोरी धरून फळ्यावर अशी रेघ मारली, की डोळ्याचं पारणं फिटावं. मग हात पुसत मागे भिंतीला टेकून राहिला. मुलं आली, बसली, घोडीवरच्या मोबाइलकडे बघून ताठ झाली. पलीकडे किती शिक्षक बघत होते, ते बाईंनी मुद्दामच बघितलं नाही.

त्यांनी आराखड्याप्रमाणे फळा लिहिला. वर निळं शीर्षक, पिवळ्या चौकटीत नियम: दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. मग खडू खाली ठेवला, डस्टर उचललं आणि ते वकीलबाईंच्या बाकावर नेऊन ठेवलं.

"आज डस्टर तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "फळ्यावरचं जे पटणार नाही, ते पुसायचं. माझं असलं तरी."

तिनं डस्टरकडे बघितलं, मग घोडीवरच्या मोबाइलकडे.

"काहीही?"

"काहीही."

"फोटोच्या आधी?"

"आधीच," बाई म्हणाल्या.

मुलगी हलली नाही. बाईही बोलल्या नाहीत. गप्प राहणं हे शिक्षकाला सगळ्यात जड काम, आणि पलीकडून शिक्षक बघत असताना तर त्याहून. मागच्या रांगेत कुणाची तरी पट्टी खाली पडली. बाईंना वाटलं, हिनं आज डस्टर परत आणून दिलं, तर आपण ते घेऊ, नमस्कार करू आणि पुन्हा त्या ग्रुपवर तोंड दाखवणार नाही.

वकील उठली. फळ्यापाशी गेली, डस्टर उगारलं आणि थांबली. चौकट तिच्या हाताच्या बरीच वर होती. ती टाचा उंचावून बघायला लागली. वळून म्हणाली, "पोचत नाही."

बाईंनी आपली खुर्ची ओढली आणि फळ्याखाली लावली. "चढ."

बाईंच्या खुर्चीवर चढायचं म्हणजे काय, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. ती चढली. खुर्ची एका पायानं लंगडी, ती डुगडुगली. तेवढ्यात मागच्या भिंतीपासून नवरा लगबगीनं पुढे आला आणि त्यानं दोन्ही हातांनी खुर्ची धरली. सारा जन्म घोडीवर गेलेला माणूस, त्याला राहवलं नाही. "दमानं, पोरी," तो म्हणाला. "धरलंय मी."

तिनं पुसलं. नियम पुसला, पिवळी चौकट पुसली, आणि सरळसोट मारलेली ती रेघही या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली. नवरा खाली खुर्ची धरून, डोक्यावर खडूची भुकटी झेलत उभा होता. रेघ गेली तेव्हा त्यानं एकदा डोळे मिटले, पण खुर्ची सोडली नाही.

ती खाली उतरली. खडू घेतला. तिच्या हाताला येईल तिथे, खालच्या अर्ध्या फळ्यावर, तिनं वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच.

"पण बाई," ती म्हणाली, "मॅचचं राहिलंय. तुम्ही उद्या सांगते म्हणाला होतात."

बाईंना वाटलं होतं, तिनं नियम पुसलाय तर ती भागाकारावर भांडेल. ही मुलगी तर इतके महिने एक प्रश्न घेऊन बसली होती. बाईंनी तिला दिलेला शब्द बाईंच्या स्वतःच्या लक्षात नव्हता, तिच्या होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवायचा खटाटोप केला नाही.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू का? मला ते अजूनही नीट सांगता येत नाही. तुझं उत्तर मॅचना बरोबर आहे. ग्लासाला चूक आहे. असं का, ते आपण बघू या."

"ग्लास एकच होता," मधल्या रांगेतून एक मुलगा म्हणाला. "मॅच वेगवेगळ्या."

"मग काय झालं? मॅच मॅचच असते," वकील म्हणाली.

"अगं, अर्धा कशाचा? दोन मॅचचा. आणि तिसरा हिस्सा तीन मॅचचा. तू दोन वेगळ्या ग्लासांतलं मोजलंस."

"ये इकडे आणि लिहून दाखव," वकील म्हणाली आणि तिनं खडू पुढे केला.

तो मुलगा आला, लिहिलं आणि अर्ध्यावर अडकला. दुसरी आली, तिनं त्याचं खोडलं नाही, शेजारी लिहिलं. तिसऱ्यानं पाच चौकोन काढले. मग कोण आलं आणि कोण गेलं याचा ताळमेळ राहिला नाही. बाई कडेला भिंतीशी उभ्या होत्या, हातात काहीच नाही. नवरा अजून खुर्ची धरूनच होता, कारण मधूनमधून कुणीतरी चढायचं. घंटा झाली तेव्हा भागाकाराचा एक शब्दही झाला नव्हता.

फोटो बाईंनी तसाच काढला. वर डस्टरचे पांढरे फराटे, खाली पाय ठेवायला जागा नाही इतकी गर्दी, आणि फळ्याला टेकलेली खुर्ची. ग्रुपवर टाकताना लिहिलं, 'आज भागाकार शिकवायचा होता.' नव्यांपैकी काहींनी विचारलं, आधीचा सुंदर फळा कुठे गेला. कुणी हळहळलं. खडूमास्तरांनी नुसता ग्रुपचा जुना नियम, आधी प्रश्न मग वा, पुन्हा वर आणून ठेवला. आणि शेवटच्या बाकानं नियमाप्रमाणे आधी प्रश्न विचारला: 'तीन नंबरच्या मुलानं पाच चौकोन काढले, त्यातले पहिले दोन वेगळे का रंगवले? त्याला काहीतरी दिसलंय. उद्या त्याला विचाराल का?'

बाईंनी फोटो मोठा करून बघितला. खरंच, पहिले दोन वेगळे होते.

शाळा सुटल्यावर दोघं चालत निघाले. नवऱ्याच्या खांद्यावर घोडी, केसांत खडू. चालता चालता त्यानं बोटांवर पाच मोजले. मग म्हणाला, "मला विचारशील तर पोरीचं बरोबर आहे. पाच खेळली, दोन जिंकली. यात चुकलं कुठे?"

"चुकलं नाहीच," बाई म्हणाल्या. "हीच तर पंचाईत आहे."

"मग उद्या काय सांगणार तिला?"

"आधी त्या चौकोनवाल्याला विचारणार. मग बघू."

त्यानं घोडी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. जरा चाचरत विचारलं, "दोरी आणू का उद्या?"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी हातानं त्या झटकल्या.

"दोरी राहू द्या," त्या म्हणाल्या. "हातोडी आणि चार खिळे आणा. खुर्चीचा तो पाय पक्का करून द्या. उद्यापासून मुलं चढणार आहेत तिच्यावर."